एका माणसाच्या दोन जोड्या

सव्वादोनला मागच्या दाराशी सामानवाल्याची गाडी थांबली आणि नासपतींची टोपली आत आली. टोपलीच्या कडीला चिठ्ठी बांधली होती. वर बाबांचं नाव. बाबा अंथरुणाला खिळल्यापासून, म्हणजे गेले अठरा दिवस, त्यांचं सगळं टपाल हेस्टरच उघडत होती. आभाराच्या चिठ्ठ्यांना उत्तरं द्यायची, वनस्पतिशास्त्राचं काही असेल तर वेगळं ठेवायचं आणि बाबांना त्रास होईल असं काही असेल तर डॉक्टरांना विचारायचं. तिने सवयीने चिठ्ठी उघडली आणि उभ्या उभ्याच वाचली.

चिठ्ठी ऑस्कमच्या डॉक्टर मडिफोर्डांची होती. ऐंशीच्या घरातले पाद्री, विद्यापीठातल्या जुन्या पक्षाचे खंदे. अक्षर थरथरतं, पण स्वच्छ. 'प्रिय प्रोफेसर विन्सकोम, आपल्या सौभाग्यवतींच्या सोमवारच्या पत्राला मी त्यांना त्याच दिवशी होकार कळवला; आपली आणि माझी जोडी पक्की आहे. आपण आजारी, मी म्हातारा. दोघेही घरी बसू. आज मतदानाचा दिवस असल्याने शब्दाची आठवण म्हणून माझ्या भिंतीवरच्या झाडाची फळं पाठवत आहे. आपल्या मताबद्दल मला तिरस्कार आहे, आपल्याबद्दल नाही.'

हेस्टरने चिठ्ठी पुन्हा वाचली. मग ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली.

जोडी लावणं म्हणजे काय हे या गावात शेंबडं पोरही सांगेल. विद्यापीठाच्या पदवीधरांच्या महासभेत मत द्यायला माणसाला स्वतः यावं लागे. आजारी किंवा लांबचा माणूस विरुद्ध बाजूच्या एखाद्याला गाठायचा आणि दोघं एकमेकांना शब्द द्यायचे: तू जाऊ नकोस, मीही जात नाही. इकडचं एक कमी, तिकडचं एक कमी. हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नव्हतं, आणि म्हणूनच ते कुणी मोडत नसे.

प्रश्न एवढाच होता की बाबांची जोडी आधीच लागली होती. बुधवारी हेस्टरने स्वतःच लावली होती, अँब्रोजकाकांशी. काका नॉरफोकमधल्या एका खेड्याचे पाद्री; आजच्या प्रस्तावाच्या विरुद्ध मत द्यायला मुद्दाम आले होते. आले ते भावाला बघून पलंगाच्या काठावर बसले आणि म्हणाले, "जोसाया, तू इथे खोकत पडणार आणि मी तुझ्याच घरातून उठून तुझ्या पोराविरुद्ध मत द्यायला जाणार, हे काही मला जमायचं नाही. हेस्टर, लिही. जोडी." बाबांनी मान हलवली. हेस्टरने लिहिलं, दोघांच्या सह्या घेतल्या.

म्हणजे बाबांच्या एका मताच्या बदल्यात समोरची दोन मतं आज घरी बसली होती. त्यातलं एक पुढच्या दिवाणखान्यात शेगडीपाशी वर्तमानपत्र वाचत होतं.

सकाळी नाश्त्याला सगळे हसले होते. हेस्टरचा भाऊ जाइल्स बूट चढवता चढवता काकांना म्हणाला होता, "काका, तुम्ही आज कैदी आहात आमचे. आईला सांगून ठेवतो, चारपर्यंत तुम्हाला बाहेर सोडायचं नाही."

"कैद्याला एवढी चांगली मासळी मिळत असेल तर मी वर्षभर राहतो," काका म्हणाले. "तू मात्र पायऱ्यांवरून नीट बघ, तुमच्या बाजूची माणसं आली का. तुमचे ते लंडनचे वकील लोक वेळेवर उठत नाहीत म्हणे."

"तुमचे खेड्यातले पाद्री पहाटेच उठतात, तेवढंच आमचं दुखणं आहे."

"किती धरलेत?"

"दोन-तीन मतांचा फरक पडेल. कोणत्या बाजूला, ते नाही माहीत." हे बोलताना जाइल्सचा आवाज उतरला होता, आणि आईने त्याच्या ताटलीत न मागता आणखी एक अंडं वाढलं होतं.

जाइल्सचं सगळं आजच्या मतदानावर टांगलेलं होतं. गणितात तो त्याच्या वर्षात पहिला आला होता. कॉलेजाने त्याला फेलो, म्हणजे कॉलेजाचा पगारी सभासद, म्हणून निवडलंही होतं. पण फेलोला चर्चच्या धर्ममतांच्या एकोणचाळीस कलमांवर सही करावी लागे, आणि त्यातली निदान सहा कलमं जाइल्सला खरी वाटत नव्हती. त्याने सही नाकारली. कॉलेजाने नाताळपर्यंत मुदत दिली होती. त्यानंतर जागा दुसऱ्याला. आज महासभेपुढे प्रस्ताव होता तो हाच, की सही काढून टाकावी. सही नाही म्हणून जाइल्सला स्वतःला मत नव्हतं. तो दिवसभर सभागृहाच्या पायऱ्यांवर उभा राहून येणाऱ्यांच्या नावांवर खुणा करणार होता.

हेस्टर चिठ्ठी घेऊन कोठीच्या खोलीत गेली. आई मुरंब्याच्या बरण्यांवर कागद बांधत होती.

"आई, सोमवारी तू मडिफोर्डांना लिहिलं होतंस?"

आईचा हात थांबला नाही. "हो. तुझ्या बाबांना विचारून लिहिलं. म्हणाले, लिही."

"सोमवारी बाबांना एकशे तीन ताप होता. त्यांना आठवतही नसेल."

"नसेल."

"मग बुधवारी मी काकांशी जोडी लावली तेव्हा तू काही का बोलली नाहीस? तू तिथेच होतीस. ओट्सची पेज घेऊन उभी होतीस."

आईने दोऱ्याची गाठ मारली, कात्रीने टोक कापलं. "तू मला विचारलंस का? सह्याबिह्या घेऊन मोकळी झालीस. सगळं लिहून घ्यायची सवय तुझी. मला वाटलं, देवाने एक मत जास्त दिलं, तर मी कोण परत करणारी?"

"देवाने नाही दिलं. आपल्या घरातल्या चुकीने दिलं."

"हेस्टर." आता आईने तिच्याकडे पाहिलं. आई सहसा कुणाकडे असं पाहत नसे. "तीस वर्षं मी या गावात मत असलेल्या पुरुषांना चहा पाजतेय. कोण कुणाला निवडतो, कोण कुणाला पाडतो, सगळं माझ्या टेबलावर ठरतं आणि माझ्याकडे कुणी साखर सोडून काही मागत नाही. मी काही चोरी केलेली नाही. मी फक्त गप्प बसले. गप्प बसायलाच तर मला शिकवलंय."

ते खरं होतं, हे हेस्टरला ठाऊक होतं.

"दोन जोड्यांत पहिली खरी धरतात," ती शेवटी म्हणाली. "मडिफोर्डांची सोमवारची. काकांची बुधवारची. म्हणजे काकांची जोडी लागलीच नाही. ते मोकळे आहेत."

"आणि हे त्यांना कुणी सांगायचं?"

हेस्टरने हातातल्या चिठ्ठीकडे पाहिलं.

"तारीख त्या चिठ्ठीत आहे. चिठ्ठी तुझ्या हातात आहे. सव्वादोन वाजून गेलेत, चारला मतदान संपतं. संध्याकाळी सांग की! संध्याकाळी तुझ्या काकांना सगळं सांग, मी स्वतः माफी मागते. गुडघ्यावर बसून मागते, हवं तर."

"संध्याकाळी सांगून काय उपयोग?"

"तोच तर उपयोग आहे," आई म्हणाली आणि पुढची बरणी ओढली.

हेस्टर वर गेली. बाबांना विचारलं असतं तर सगळं सोपं झालं असतं. त्यांनी शब्द दिला होता, त्यांनीच ठरवायचं. पण बाबा डॉक्टरांनी दिलेल्या थेंबांनी झोपले होते. तोंड उघडं, श्वासाला बारीक शिट्टी. काल रात्री पहिल्यांदाच ताप शंभराखाली आला होता. ती पलंगाशी उभी राहिली आणि त्यांचे श्वास मोजायला लागली, जसे ती अठरा दिवस मोजत होती. मिनिटाला चोवीस. काल सव्वीस होते. उठवावं असं तिच्या मनात आलं. हातही पुढे गेला. मग तिने तो मागे घेतला.

तिने स्वतःशी प्रामाणिकपणे मांडून बघितलं, बाबांनी शिकवलं होतं तसं. समजा गप्प बसले. जाइल्सला जागा मिळेल, कदाचित. मडिफोर्ड आणि काका कधीतरी कुठल्यातरी जेवणावळीत भेटतील, आणि एकजण म्हणेल, मी प्रोफेसर विन्सकोमशी जोडी लावली होती, आणि दुसरा म्हणेल, मीही. मग गावात म्हणतील, विन्सकोमने स्वतःच्या पोरासाठी एक मत दोनदा वापरलं. बाबा ते ऐकतील. पण हे सगळं पुढचं होतं, आणि कदाचित कधीच होणार नव्हतं. मडिफोर्ड ऐंशीचे होते. हे कारण पुरेसं नव्हतं. मग खरं कारण काय? तिला ते शोधून सापडलं नाही. तिला एवढंच दिसलं की बाबांसाठी वनस्पतींची चित्रं काढताना सूक्ष्मदर्शकाखाली एखादी गोष्ट दिसली आणि चित्रात काढली नाही, तर ते चित्र तिला पुन्हा बघवायचं नाही.

त्यात चित्र तिचं असणार होतं आणि किंमत जाइल्स देणार होता. हेही तिला दिसलं.

दाराच्या मागच्या खुंटीवर बाबांचा काळा झगा लटकत होता. झग्याशिवाय कुणालाही महासभेत पाऊल टाकता येत नसे, आणि काका तर जोडी लागली म्हणून आपला झगा आणवून घ्यायच्याही भानगडीत पडले नव्हते; तो स्टेशनवर मोठ्या पेटीत होता. तिने बाबांचा झगा खुंटीवरून काढला. उजव्या बाहीवर हिरवट डाग होता, शेवाळाच्या अर्काचा, तिच्याच हातून सांडलेला.

घड्याळात तीनला दहा कमी होते.

"काका."

काकांनी वर्तमानपत्र खाली केलं. हेस्टरने चिठ्ठी त्यांच्या हातात दिली आणि झगा खुर्चीच्या पाठीवर ठेवला. काकांनी चष्मा पुढे-मागे करत वाचलं. मग चिठ्ठी घडी करून गुडघ्यावर ठेवली.

"जोसायाला ठाऊक आहे?"

"नाही. झोपलेत. सोमवारी ते तापात होते."

"आणि वहिनींना?"

हेस्टर थांबली. "चूक माझी आहे. मी लिहिण्याआधी विचारायला हवं होतं."

काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुढे विचारलं नाही.

"पोरी, तू मला काय करायला लावतेयस, कळतंय ना तुला?"

"मी काहीच करायला लावत नाही. तुम्ही मोकळे आहात, एवढंच सांगतेय. तुम्ही इथेच बसून राहिलात तरी चालेल."

"चालेल?" काका कडवट हसले. "आता कसं चालेल? तू बोलली नसतीस तर मी शब्दाला बांधलेला होतो. आता बसून राहिलो तर तो शब्द नाही, माझी मर्जी. चारशे लोकांच्या गावाने मला पाठवलंय. त्यांच्या समोर मी दर रविवारी उभा राहतो." ते उठले. "मी बावीस वर्षांचा होतो तेव्हा सही केली. मलाही सगळं पटलं नव्हतं. हे मी जाइल्सला कधी सांगितलं नाही. सही केली, आणि मग हळूहळू पटत गेलं. त्यालाही पटेल, असं मला खरंच वाटतं. सही काढून टाकली, तर पटायचं कारणच राहणार नाही."

"तो सही करणार नाही, काका."

"ठाऊक आहे." त्यांनी झगा उचलला. "त्याला पोहायला मी शिकवलं, तेव्हाही तो असाच. बुडेन पण हात धरणार नाही."

झगा त्यांना खांद्यात आखूड झाला. बाबांची टोपी तर डोक्यावर बसेचना, ती त्यांनी हातात घेतली. दारापर्यंत जाऊन ते वळले. "हेस्टर, तुझ्या जागी तुझी आई असती तर बरं झालं असतं," ते म्हणाले, आणि गेले. खिडकीतून तिला दिसलं, काका फाटकापाशी क्षणभर उभे राहिले, मग झपाझप चालायला लागले.

कोठीच्या दारात आई उभी होती. कात्री अजून हातात होती. ती आत गेली आणि उरलेल्या सगळ्या बरण्या तिने एकामागून एक बांधून काढल्या.

पाच वाजून गेल्यावर पायऱ्यांवर बुटांचे आवाज आले, एकाहून जास्त. आधी जाइल्सचा आवाज, मोठा, घोगरा.

"आई! हेस्टर! बरोबरी! एकशे त्रेचाळीस आणि एकशे त्रेचाळीस!"

तो आत आला तेव्हा त्याचा हात काकांच्या खांद्याभोवती होता. काकांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"बरोबरी म्हणजे?" आईने विचारलं. तिला ठाऊक होतं.

"बरोबरी म्हणजे प्रस्ताव पडला. जुनंच चालू राहणार." जाइल्सने टोपी टेबलावर टाकली. त्याचे डोळे लाल होते, पण तो हसत होता. "पडला तर पडला. पण आई, काका! काका आले! सव्वातीनला मी पायऱ्यांवर उभा, आणि बघतो तर काका येतायत, बाबांचा झगा घालून. मी तो हिरवा डाग लांबूनच ओळखला. बाबांनी स्वतःच्या अंगावरचा झगा देऊन काकांना माझ्यासाठी पाठवलं! मी दार उघडून धरलं. माझ्याकडे बघवेना त्यांना. आत मतं नोंदणाऱ्या अधिकाऱ्याच्या, प्रॉक्टरच्या, कानाशी वाकून काहीतरी पुटपुटले आणि त्याने मताची खूण म्हणून कागदाला टाचणी टोचली. एवढंच दिसलं मला." त्याने काकांचा खांदा दाबला. "हे मत नसतं तर एकाने हरलो असतो. एकाने हरणं आणि बरोबरी यात फार फरक आहे. पुढच्या वर्षी पुन्हा मांडता येतो."

आईने हेस्टरकडे पाहिलं. ती नजर स्पष्ट होती: राहू दे. एवढं तरी राहू दे त्याला.

"जाइल्स," काका म्हणाले. "वाटेत मी तीनदा सांगायला गेलो. तू बोलायचा थांबलाच नाहीस." ते झग्याची बाही चाचपत होते. "मी विरुद्ध मत दिलं."

जाइल्स हसत राहिला, अर्धा क्षण. मग त्याचा हात खाली आला.

"पण तुमची तर जोडी होती. तुम्ही तर…"

"जोडी लागली नव्हती," हेस्टर म्हणाली. "बाबांची आधीच लागलेली होती, मडिफोर्डांशी. मला दुपारी कळलं. काकांना मी सांगितलं. झगाही मीच दिला."

जाइल्सने तिच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा गणित सोडवताना व्हायचा तसा झाला होता, आणि हे गणित फार लहान होतं. एकशे त्रेचाळीस. एकशे बेचाळीस.

"अँब्रोज भावजी, बसा," आई म्हणाली. "पाय दुखत असतील." तिने हेस्टरकडे न बघता पुढे म्हटलं, "चूक माझी होती, जाइल्स. सोमवारचं पत्र मी लिहिलं होतं, आणि बुधवारी मी गप्प बसले. तुझ्या बहिणीने फक्त ते उकरून काढलं."

वरून काठीचे तीन ठोके आले. बाबा जागे झाले होते.

चौघंही तसेच उभे राहिले. ठोके पुन्हा आले.

"मी सांगते," हेस्टर म्हणाली.

जिन्यावर तिला मागे पावलं ऐकू आली. जाइल्स होता. ती क्षणभर थांबली आणि पुन्हा चढायला लागली.

बाबा उशीला टेकून बसले होते. डोळे स्वच्छ होते, बऱ्याच दिवसांनी. "किती?" त्यांनी विचारलं.

"बरोबरी, बाबा. एकशे त्रेचाळीस दोन्हीकडे. पडला."

बाबांनी डोळे मिटले. मग ते हळूहळू, खोकल्याच्या मधून म्हणाले, "एकशे त्रेचाळीस. मी इथे पडलेला. जोडी नसती, तर अँब्रोज एकटाच गेला असता आणि एकाने हरलो असतो. पुढच्या वर्षी मांडायलाही तोंड राहिलं नसतं." त्यांनी हात पुढे केला. "जोडी लावलीस, फार बरं केलंस, हेस्टर."

हेस्टरने तो हात धरला. तिला माहीत होतं की सांगायला हवं. आज नाही तर उद्या, ताप पूर्ण उतरल्यावर. तिने मागे वळून पाहिलं.

जाइल्स दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. दाराच्या मागची खुंटी रिकामी होती, आणि तो त्या खुंटीकडे बघत होता. मग त्याने हेस्टरकडे पाहिलं, बराच वेळ. आत येऊन पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसला, आणि बाबांचं पांघरूण नीट केलं.

"हो, बाबा," तो म्हणाला. "तिने बरोबर केलं."